फोनलाही हवा एक कोरडा कोपरा

दुपारची झाकपाक आटोपली असेल तर जरा रेडिओजवळ या. हातात निवडायची भाजी असली तरी चालेल. आज आम्ही बोलणार आहोत स्वयंपाकघरातल्या एका नव्या बिऱ्हाडकरूबद्दल, म्हणजे आपल्या फोनबद्दल. त्याला चार्ज करायला कुठे ठेवायचं, कसं ठेवायचं आणि हल्ली बाजारात आलेली वायरलेस चार्जिंगची चकती स्वयंपाकघरात वापरायची झाली तर काय सांभाळायचं, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, फोनसाठी एवढी चर्चा कशाला? पण बघा, बहुतेक घरांत बाहेरच्या खोलीतला प्लग टीव्हीने अडवलेला असतो, दुसरा मुलांच्या फोनने. मग बाईचा फोन जातो स्वयंपाकघरात. मिक्सरचा प्लग काढायचा आणि तिथे चार्जर लावायचा. वाटण करायचं झालं की चार्जर काढायचा, मिक्सर लावायचा. हे दिवसातून चारदा, आणि तेही ओल्या हाताने. फोन कधी पिठाच्या डब्यावर, कधी फ्रीजवर, कधी थेट ओट्यावर. वायर शेगडीच्या बाजूने लोंबते. बचत गटाचा हिशेब, गॅसचं बुकिंग, बँकेचा ओटीपी, शाळेतून येणारा निरोप, सगळं त्याच फोनवर असतं. रात्री-अपरात्री कुणाला बरं नसेल तर ११२ लावायचा तोही त्यावरूनच. असा फोन ऐनवेळी बंद पडून चालत नाही, आणि तो चार्ज करताना अपघात होऊनही चालत नाही.

आता ही चकती काम कशी करते ते आधी समजून घेऊ. चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, फोनच्या पाठीतही तसंच असतं. खालच्या वेटोळ्यातून वीज वेगाने उलटसुलट फिरली की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्यामुळे वरच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी हे तत्त्व १८३१ साली दाखवून दिलं. आपली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. फरक एवढाच, की शेगडी २००० वॅटपर्यंत जाते आणि चकतीचं काम साधारण ५ ते १५ वॅटमध्ये भागतं.

परवा एका आजींनी आम्हाला विचारलं, "अगं पोरींनो, वीज अशी हवेतून जाते म्हणता, मग चकतीला हात लागला तर झटका बसेल का?" नाही आजी. चकती धड असेल, चिरलेली किंवा ओली नसेल, तर नुसता हात लागल्याने झटका बसत नाही. वर फोन नसेल तेव्हा ती अधूनमधून फोन आहे का एवढं चाचपून पाहते. मात्र तिला वीज पुरवणारा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगलाच लावायचा असतो, आणि अडॅप्टरपासून चकतीपर्यंत वायर असतेच. वायरलेसपणा काय तो फोन आणि चकती यांच्यामधल्या काही मिलिमीटरपुरता. म्हणून धोका संपला असं समजू नका. जागा नीट निवडली नाही, तर चकती कितीही महाग असली तरी उपयोग नाही.

खरेदीआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या फोनला वायरलेस चार्जिंगची सोय आहे का? कमी किमतीच्या बहुतेक फोनना ती नसते. फोनच्या खोक्यावरची माहिती वाचा किंवा दुकानदाराला विचारा. या पद्धतीचं जगभर चालणारं मानक आहे, त्याचा उच्चार 'ची' असा करतात आणि इंग्रजीत ते क्यू आणि आय या दोन अक्षरांनी लिहितात. ही खूण फोनच्या माहितीत आणि चकतीवर, दोन्हीकडे हवी. २०२३ पासून याची दुसरी आवृत्ती आली आहे, तिच्यात फोन चुंबकाने बरोबर मधोमध बसतो. फोनला सोय नसेल तर चकतीवर पैसे घालू नका. साधा लाकडी स्टँड आणि चांगली वायर यांनीही सुरेख कोपरा तयार होतो. पुढे सांगतो ते सगळं त्यालाही लागू आहे.

आता जागा. एक दिवस स्वयंपाक करताना फक्त बघत राहा. पाणी कुठवर उडतं? फोडणीचे थेंब कुठवर जातात? कुकरची वाफ कुठे लागते? जिथे यातलं काहीच पोचत नाही, तो कोपरा फोनचा. शेगडी आणि बेसिन, दोन्हींपासून निदान तीन फूट अंतर ठेवा. शेगडीच्या वरची फळी नको, कारण तिथे वाफ आणि तेलाचा चिकटा दोन्ही साचतात. पाण्याच्या फिल्टरखाली नको, माठाशेजारी नको. फ्रीजच्या डोक्यावरही नको. फ्रीज सुरू होताना थरथरतो, फोन हळूहळू सरकतो आणि चार्जिंग बंद पडतं, नाहीतर फोनच खाली येतो. इंडक्शन शेगडीच्या शेजारी तर मुळीच नको.

उंची छातीएवढी ठेवा. फार खाली नको, याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण गॅस. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरजवळ, खालच्या बोर्डावर चार्जर लावायचा नाही. आणि गॅसचा वास आला, तर कुठलंही बटण चालू करायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. चार्जर ओढायचा नाही, चकतीवरचा फोनही उचलायचा नाही. विस्तव विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि लांबून, शेजारच्यांच्या फोनवरून १९०६ हा गॅसगळतीचा क्रमांक लावा.

दुसरं कारण रांगतं बाळ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकातल्या कारवार तालुक्यात आठ महिन्यांचं बाळ दगावलं. चार्जर प्लगमध्ये चालूच राहिला होता आणि बाळाने वायरचं टोक तोंडात घातलं. चांगल्या चार्जरच्या वायरीत मोजकेच व्होल्ट असतात. पण आतून बिघडलेल्या किंवा बनावट चार्जरमधून घरातली २३० व्होल्टची वीज वायरीत उतरू शकते. चकती वापरली की हे मोकळं लोंबणारं टोक राहत नाही, हा तिचा मोठा फायदा. तरीही वायर बाळाच्या हाती लागेल अशी सोडू नका, आणि काम झालं की बटण बंद करा.

अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. ब्यूरोचं 'बीआयएस केअर' नावाचं ॲप आहे, त्यात हा क्रमांक टाकला की तो खरा की खोटा ते कळतं. चकतीच्या कागदावर किती वॅटचा अडॅप्टर हवा ते लिहिलेलं असतं, तेवढाच लावा. जुना, कमी ताकदीचा अडॅप्टर लावला तर चार्जिंग रखडतं किंवा मधेच थांबतं.

प्लग शक्यतो स्वतंत्र ठेवा. एकाच मल्टिप्लगवर मिक्सर, इंडक्शन आणि चार्जर अशी वरात नको. घरात वायरमन आलाच असेल तर त्याला म्हणा, "दादा, या कोपऱ्यात छातीच्या उंचीला एक ६ अँपिअरचा प्लग काढून द्या, आणि अर्थिंग तपासा." मीटरच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हेही विचारा. साधा एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्ट झालं की पडतो. माणसाला झटका बसत असेल तेव्हा क्षणात वीज तोडण्याचं काम आरसीसीबी करतो. हा खर्च आहे खरा, पण तो फोनपुरता नाही, घरातल्या सगळ्यांसाठी आहे.

आता मांडणी. चकती स्टीलच्या रॅकवर थेट ठेवू नका. फरशी बसवताना उरलेला टाइलचा तुकडा घरात असतोच. तो फळीवर ठेवा आणि त्यावर चकती. टाइल पेटत नाही, पुसायला सोपी आणि दिसायलाही नीटनेटकी. वायर भिंतीला क्लिपा मारून सरळ न्या. उरलेली वायर सैल गुंडाळून बांधा, गच्च पिळू नका. ती फ्रीजखाली दाबली जाऊ नये आणि ओट्याच्या कडेवरून लोंबू नये.

चकतीला शत्रू आहे धातू. फोन आणि चकती यांच्यामध्ये सेफ्टीपिन, नाणं, किल्ली किंवा चमचा आला तर तो तापतो. चांगल्या चकत्या हे ओळखून बंद होतात, पण त्या भरवशावर राहायचं नाही. आपल्या बायकांची एक सवय असते. फोनच्या कव्हरमागे नोट खोचायची, एटीएम कार्ड ठेवायचं, एखादी पिनही अडकवायची. चकतीवर ठेवण्याआधी हे सगळं काढा. तापल्याने किंवा चुंबकाने कार्ड खराब होऊ शकतं. फोनच्या पाठीला धरायची धातूची रिंग चिकटवली असेल तर तीही काढावी लागेल. फोनवर फडकं टाकू नका, झाकणी ठेवू नका. उष्णता निघून जायला वाट हवी.

कारण या पद्धतीत फोन थोडा गरम होतोच. वायरने चार्ज करताना जेवढी वीज लागते त्याहून चकतीला जास्त लागते, वरची वीज उष्णता होऊन जाते. बिल फार वाढत नाही. आजच्या साधारण ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीचा फोन वायरने एका युनिटमध्ये चाळीसेक वेळा पूर्ण चार्ज होतो, चकतीने त्याहून थोडा कमी वेळा. प्रश्न बिलापेक्षा उष्णतेचा आहे. उन्हाळ्यात स्वयंपाक चालू असताना खोली तापलेली असते, तेव्हा चकती बंदच ठेवा. सकाळचा स्वयंपाक आवरल्यावर किंवा दुपारी निवांत वेळी लावा. रात्रभर लावून झोपू नका, कारण स्वयंपाकघरात रात्री लक्ष द्यायला कुणी नसतं.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने फोनला आणि अडॅप्टरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल, तर भिंतीवरचं बटण बंद करा आणि ती वस्तू पुन्हा वापरू नका. फोनची पाठ फुगली असेल, पडदा उचलल्यासारखा वाटत असेल, तर बॅटरी खराब झाली आहे. तो फोन चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. दुरुस्तीच्या अधिकृत केंद्रात न्या.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. घरात कुणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर चार्ज होत असलेला फोन आणि चकती त्यांच्यापासून निदान एक फूट लांब हवी. अशा घरात कोपरा निवडताना आजोबांना किंवा आजींना आधी विचारा, आणि त्यांच्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या.

स्वयंपाकघरात चकतीचा खरा उपयोग कुठे? कणकेचा हात, ओला हात, मसाल्याचा हात. अशा हातांनी वायरीची पिन फोनमध्ये खुपसताना भोकात पीठ जातं, ओल जाते, पिन सैल होते. चकतीवर फोन नुसता ठेवायचा आणि उचलायचा. पण ठेवण्याआधी हात आणि फोनची पाठ कोरड्या फडक्याने पुसायची, ही शिस्त हवीच. त्यासाठी कोपऱ्यात एक वेगळं फडकं अडकवून ठेवा, भांड्यांचं नको.

काही मैत्रिणी म्हणतील, आमचं स्वयंपाकघर इतकं लहान, की हात लांब केला तर एकीकडे शेगडी आणि दुसरीकडे बेसिन. तीन फूट आणायचे कुठून? त्यांना आमचं सांगणं असं, की मग फोनचा कोपरा स्वयंपाकघरात करूच नका. दाराबाहेरच्या भिंतीवर करा, जिथून घंटी ऐकू येईल. आणि बाहेरच्या खोलीतल्या प्लगवर घरातल्या बाईचाही हक्क आहे, हे घरच्यांना सांगा. टीव्ही अर्धा तास बंद राहिला तर काही बिघडत नाही. आपण ओल्या ओट्यावर धोका पत्करायचा तो केवळ कोरडा प्लग दुसऱ्या कुणी अडवला आहे म्हणून, हे काही बरोबर नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या सगळ्यांना घेऊन स्वयंपाकघरात उभ्या राहा, कोरडा, गार आणि मोकळा कोपरा शोधा, आणि तिथे फोनची जागा पक्की करा. मिक्सरच्या प्लगला चार्जर लावणं त्याच दिवसापासून बंद. तुमच्याकडे कोपरा कुठे सापडला, काय अडचण आली, ते केंद्रावर येऊन किंवा फोन करून आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तुमचे प्रश्न घेऊ. तोवर नमस्कार, सांभाळून राहा.