फ्लॅश नको, पोज नको

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातले गांधीजींचे कितीतरी फोटो त्यांचे चुलत नातू कनू गांधी यांनी टिपले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून कनूंचा रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश नको, पोज मागायची नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. त्यात एका रोलवर फोटो अवघे 12! हात आपोआपच आखडता राहायचा.

असे मोजून-मापून रोलवर फोटो तुम्हालाही काढून पाहायचेत? कपाटात कोडॅकचा जुना केबी 10 कॅमेरा पडलाय? आधी सेलचा कप्पा उघडा. पांढरी-हिरवी पूड दिसली, तर सेल गळलाय. व्हिनेगरच्या बोळ्याने कप्प्यातल्या धातूच्या पट्ट्या पुसा. या कॅमेऱ्याचा फोकस कायमचा ठरलेला, म्हणून हातभर अंतरावरचा चेहरा धूसरच येणार. आणि वर्ध्याच्या मे महिन्यात रोल गाडीत ठेवू नका, रंग बिघडतात. फ्रिजमध्ये ठेवा, भरण्याआधी तासभर बाहेर काढा.