भोरचे जुने वाडे आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



भोर-वेल्ह्याच्या मातीत वाढलेल्या मनुष्यास इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही. वेल्हे तालुक्यास आता राजगडाचे नाव मिळाले आहे, आणि तो राजगड 2025 च्या जुलैमध्ये शिवकालीन बारा किल्ल्यांच्या मालिकेत जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. सर्वांस अभिमान वाटावा अशीच ही घटना आहे. परंतु आज मी आपले लक्ष गडाकडून गावाकडे वळवू इच्छितो.

राजगडाच्या पाठीशी राज्य शासनाचे पुरातत्त्व खाते आहे, 1960 चा राज्याचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आहे. भोर शहरातील तुमच्या-आमच्या वाड्यांच्या पाठीशी कोण आहे? शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याचे हे संस्थान 1948 साली विलीन झाले. 1869 मध्ये बांधलेला राजवाडा आजही उभा आहे. पण राजवाड्याभोवती जे गाव वसले, त्या गावच्या देवड्या, चौक, ओसऱ्या आणि माड्या एकेक करून नाहीशा होत आहेत. एकटा राजवाडा राहिला आणि भोवतालचे भोर गेले, तर उरेल ते केवळ एक इमारत, शहर नव्हे.

हा दोष मी दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. आमच्या घराण्याचाही भोरात वाडा होता. हिस्सेदार अकरा, राहणारे पुण्या-मुंबईस. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्याचा खर्च कोणी करावयाचा, या एका प्रश्नावर चार वर्षे पत्रव्यवहार चालला. तोवर पाणी तुळयांच्या भिंतीतील टोकांत मुरले, लाकूड कुजले आणि एका श्रावणात माडी खाली आली. सागवानी खांब जळाऊ लाकडाच्या भावाने गेले. त्या पत्रांपैकी काही माझ्या हातची आहेत, हे सांगताना मला आजही लाज वाटते.

भाटघरच्या जलाशयात बुडालेले कांबरेश्वराचे देवालय उन्हाळ्यात पाणी ओसरले की दर्शन देते. जीर्ण झाले, तरी उभे आहे. दगडास इतके सोसते. लाकूड, माती व विटांच्या वाड्यास मात्र दुर्लक्षित पावसाळे सोसत नाहीत.

मग उपाय काय? मुंबईने 1995 साली वारसा-इमारतींची नियमावली केली. तीत इमारतींच्या तीन श्रेण्या ठरल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूस जवळजवळ हात लावावयाचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतून योग्य ते फेरफार करता येतात. तिसऱ्या श्रेणीत त्याहून अधिक मोकळीक, परंतु रस्त्याचे व परिसराचे रूप बिघडता कामा नये. सुटी इमारतच नव्हे, तर संबंध परिसर जपावयाचा, हे त्यातील मर्म होय. आपल्या राज्याच्या 1966 च्या नगररचना कायद्यातही विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तरतूद करण्यास वाव आहे. तेव्हा आपण नगरपरिषदेकडे यादीची मागणी करू शकतो.

पण कायदा कौले शाकारीत नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेल्या या वाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा निघाली. 1879 मध्ये आगीने त्याचा काही भाग भस्मसात केला, तेव्हा पुणेकरांनी वर्गणी काढून तो पुन्हा उभारण्यास हातभार लावला. पुढे तेथे अनेक वर्षे नगरपालिकेची कचेरी होती. वापर चालू राहिला, म्हणून वाडा राहिला. रिकाम्या वाड्यास वाळवी आणि पाऊस हेच भाडेकरू मिळतात.

तरी माझ्या चार सूचना आहेत. पहिली, ज्या कुटुंबांचे वाडे उभे आहेत त्यांनी हिस्सेदारांचा एक करार करून दरवर्षी डागडुजीसाठी ठरावीक रक्कम बाजूस काढावी. दुसरी, दुरुस्ती जाणत्या गवंड्याकडून चुन्यानेच करावी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. तिसरी, वाडा पाडणे अटळच असेल, तर आधी त्याची मापे, नकाशा व छायाचित्रे घेऊन आपल्या संस्थेच्या दप्तरी ठेवावीत. चौथी, विद्यार्थिगृह, वाचनालय किंवा मंगलकार्य यांसाठी संस्थेस जागा हवी असेल, तेव्हा नवी इमारत बांधण्यापूर्वी एखादा जुना वाडा भाड्याने मिळतो का, हे पाहावे.

नव्या पिढीस पक्के, सोयीचे घर हवे, हे मी नाकारीत नाही. गळक्या माडीखाली राहून कोणी इतिहास जपावा, असा आग्रह अन्यायाचा होईल. म्हणूनच हा भार एकट्या कुटुंबावर न टाकता समाजाने वाटून घ्यावा, एवढेच माझे मागणे आहे. आमचा वाडा गेला. आपला अद्याप उभा असेल, तर येत्या मृगापूर्वी एकदा भोरास जाऊन त्याचे छप्पर पाहून यावे, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.