कलेच्या तासाचा ताळेबंद



आम्ही बँकेतील साधे लेखनिक. कलेवर बोलण्याचा अधिकार यांना कुणी दिला, असे आपल्या मनात येईल. परंतु जमाखर्चाचा ताळा जुळल्याखेरीज दिवसाचे काम संपले असे आम्ही मानत नाही. तोच ताळा आपल्या वस्त्यांतील महापालिका शाळांच्या कलाशिक्षणाला लावून पाहावा, एवढाच आजचा विषय.

आपल्या उपनगरांत कलेचा दुष्काळ नाही. अंधेरीला महाकाली लेणी आहेत, बोरिवलीला शंभरावर लेण्यांचे कान्हेरी आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले. जयंतीच्या मंचावर आपली मुले गातात, नाचतात, भिंती रंगवतात. मुलांत गुण आहेत. प्रश्न आहे तो शाळेतल्या तासाचा.

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कला, क्रीडा व कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणजे कलाशिक्षण ही कुणाची मेहेरबानी नाही, तो मुलांचा हक्क आहे.

मूल्यमापनाचे काय? 2010 पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कलेला लेखी परीक्षा न ठेवता वर्षभराच्या निरीक्षणावर श्रेणी द्यावी, असे ठरले. कल्पना उत्तम आहे. पण जिथे तासच गणिताला दिला जातो, तिथे निरीक्षण कशाचे करणार? मग ‘चित्रात सुबक रंग भरतो’ अशी एकच नोंद चाळीस मुलांच्या नावापुढे उतरते. बँकेत अशा नोंदीला खोटी नोंद म्हणतात.

याची किंमत मुलेच मोजतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा आपण जाणतोच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सारे सरावाशिवाय येत नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात. ज्याच्या घरी शिकवणीची ऐपत आहे त्याला ते मिळतात. ज्याच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षकच नाहीत, तो परीक्षेचा अर्जदेखील भरत नाही. अकरावीच्या प्रवेशात एकेका गुणाने यादी खाली-वर होते, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून शाळेचे मोजमाप वार्षिक स्नेहसंमेलनावरून किंवा बक्षीस मिळवणाऱ्या दोन मुलांवरून करू नये. आपण पाच साधे प्रश्न विचारावेत. आठवड्यात कलेचे किती तास वेळापत्रकात आहेत आणि किती प्रत्यक्ष होतात? शिकवणारे कोण? कागद-रंग शाळा देते की पालक आणतात? मागच्या बाकावरच्या मुलाची वर्षातली चार चित्रे जपून ठेवली आहेत काय? ग्रेड परीक्षेला किती मुले बसली? पहिल्या आणि चौथ्या चित्रात फरक दिसला, तर शिक्षण झाले. तो दिसला नाही, तर श्रेणी कोणतीही असो, ताळा चुकला.

ही उत्तरे मागण्याची जागाही आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. समितीतील निम्म्या जागा महिलांच्या आहेत. आपल्या माता-भगिनी तिथे केवळ सहीपुरत्या नसाव्यात. निदेशक नसेल तर समितीचा ठराव करून तो प्रभागाच्या शिक्षण कार्यालयाकडे पाठवावा, पोच घ्यावी आणि पाठपुरावा करावा.

काही भार आपणही उचलू. सुशिक्षित तरुणांनी सुट्टीच्या दिवशी समाजमंदिरात ग्रेड परीक्षेचा सराव घ्यावा. देणगीदारांनी हारतुऱ्यांऐवजी ड्रॉइंग वह्या, रंगपेट्या आणि परीक्षा शुल्क द्यावे. वर्षातून एकदा मुलांना वही-पेन्सिलीसह कान्हेरीला न्यावे. तिथल्या मोठ्या चैत्यगृहात काही खांब कोरीव आहेत, काही साधे अष्टकोनी. दोन्ही शेजारी ठेवून काढायला लावले की प्रमाण आणि आकार मुलांच्या हातात आपोआप उतरतात.

मात्र एक सावधगिरी हवी. आपली मदत शिक्षकाची जागा भरून काढण्यासाठी नाही. आपण फुकट शिकवतो म्हणून पद रिकामे राहिले, तर आपणच मुलांचे नुकसान केले असे होईल. वर्ग चालवायचा आणि ठरावही पाठवत राहायचा, ही दोन्ही कामे बरोबरीने करायची आहेत.

सगळीच मुले चित्रकार होणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. परंतु नीट पाहणे, हाताने घडवणे आणि स्वतःचे म्हणणे धीटपणे मांडणे प्रत्येकाला यावे. येत्या वर्षी आपल्या प्रत्येक शाळेत हे पाच प्रश्न विचारले जावेत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!