प्रवराखोरे : पाण्याचा हिशेब

अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात प्रवरेचा उगम होतो. रंध्याच्या कड्यावरून झेप घेत ती पूर्वेकडे वाहते आणि सुमारे २०० किलोमीटरच्या प्रवासानंतर प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. श्रीरामपूर-नेवासे भागात मात्र तो ५०० मिलिमीटरच्या आसपासच पडतो. या विषमतेतच खोऱ्याच्या इतिहासाचे मर्म आहे.

संगमनेरनजीकच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीस त्या गावाचे नाव लाभले. दायमाबाद येथे १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांच्या ब्राँझच्या भरीव प्रतिमा सापडल्या. ही समृद्ध वसाहत इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ओस पडली. पर्जन्यमान घटल्यामुळे असे घडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे याच नदीकाठी, नेवासे येथे, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

आधुनिक पर्वाचा आरंभ भंडारदरा धरणाने झाला. १९१० मध्ये सुरू झालेले हे काम १९२६ साली पूर्ण झाले. घाटावरचे पाणी कालव्यांवाटे कोरड्या पट्ट्यात पोहोचले, उसाचे मळे उभे राहिले आणि लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना साकारला.

परंतु काळ्या, चिकण जमिनीत निचरा मंद असतो. पाणी गरजेपेक्षा अधिक दिले की भूजलाची पातळी वर येते, पाण्यासोबत क्षारही वर येतात आणि सुपीक रान खारवट-चोपण बनते. कालव्याखालील कित्येक शेतांनी हा अनुभव घेतला. याउलट, १९७० साली मंजुरी मिळालेल्या निळवंडे प्रकल्पाचे पाणी डाव्या कालव्यातून अवर्षणग्रस्त गावांकडे वळण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

एकाच खोऱ्यात कोठे पाण्याअभावी, तर कोठे पाण्याच्या अतिरेकाने शेती खचते. म्हणून नव्या कालव्यावरील गावांनी पाणी मोजून घ्यावे, पिकांची निवड विचारपूर्वक करावी आणि निचऱ्याचे चर आरंभापासूनच राखावेत. दायमाबादच्या वस्तीला पाऊस हाती ठेवता आला नाही. आजच्या गावांना कालव्याच्या पाण्याचा हिशेब निश्चितच ठेवता येईल.