राष्ट्रपती आपल्याशी बोलतात



वर्षातून दोनदा देशाचे राष्ट्रपती सगळ्या जनतेशी बोलतात. एकदा १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्यांदा २५ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी. या २५ जानेवारीच्या भाषणाविषयी आज मी चार गोष्टी सांगणार आहे.

हे भाषण आकाशवाणीवर आणि दूरदर्शनवर लागते. आधी हिंदीत, मग इंग्रजीत. नंतर रात्री आकाशवाणीची केंद्रे ते आपापल्या भाषेत देतात. म्हणजे आपल्याला ते मराठीतही ऐकायला मिळते.

सणाला देशाच्या प्रमुखाने लोकांशी बोलावे, असा रिवाज इंग्लंडातही आहे. तिथे राजा असतो. २५ डिसेंबर १९३२ रोजी, नाताळच्या दिवशी, राजे पाचवे जॉर्ज पहिल्यांदा रेडिओवर बोलले. भाषण लिहून दिले किपलिंग नावाच्या लेखकाने. हे किपलिंग जन्मले आपल्या मुंबईत! पुढे १९५२ साली राणी एलिझाबेथ बोलू लागल्या. २०२२ पासून त्यांचे चिरंजीव राजे चार्ल्स बोलू लागले.

आता फरक बघा. राजाचा मुलगा राजा होतो. त्याला कुणी निवडत नाही. १९३२ साली आपणही त्याच राजाची प्रजा होतो. पण आपल्याला कुणी विचारलं नव्हतं.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना लागू झाली. तेव्हापासून आपला प्रमुख जन्मावरून ठरत नाही. तुम्ही मत देऊन आमदार, खासदार निवडता. ते मत देऊन राष्ट्रपती निवडतात. मुदत पाच वर्षांची.

म्हणून तर आपल्या खानदेशात एक गोष्ट घडली. जळगाव जिल्ह्यात नाडगाव आहे. तिथे १९३४ साली एक मुलगी जन्मली. ती जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकली. १९६२ साली जळगावातून आमदार झाली. आणि २५ जुलै २००७ रोजी देशाची पहिली महिला राष्ट्रपती झाली. त्या म्हणजे प्रतिभाताई पाटील. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत २५ जानेवारीला साऱ्या देशाने ऐकला, तो खानदेशच्या लेकीचा आवाज. ही गादी वारशाने आलेली नव्हती.

मग भाषण कसं ऐकायचं? मोठं माणूस बोलतंय म्हणून नुसती मान डोलवू नका. शेतीबद्दल काय म्हटलं, शाळेबद्दल काय म्हटलं, ते ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. ती स्वतः वाचा. आजवर दुसरा सांगेल ते खरं धरावं लागे. आता अक्षर तुमच्या हाती आहे. अडलं तर बोट ठेवून वाचा. घाई नाही.

२०११ पासून २५ जानेवारी हा मतदार दिनही आहे. त्या दिवशी मतदार यादीत आपले नाव आहे का, तेही पाहून घ्या.

रेडिओला प्रश्न विचारता येत नाही. पण २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की पुष्कळ गावांत ग्रामसभा भरते. तिथे विचारता येते. भाषणात शाळेची गोष्ट निघाली असेल, तर आपल्या शाळेचं छप्पर का गळतं, ते तिथे विचारा. पुरुषांनी विचारा, बायांनीही विचारा. राष्ट्रपतींना निवडण्याची सुरुवात तुमच्याच मतापासून होते. मग आपल्या गावात बोलायला भ्यायचं कशाला?