आयर्लंडला निघण्यापूर्वी

वाशी, नेरूळ, खारघरच्या घरांत परदेशी शिक्षणाचा विषय निघाला, की हल्ली आयर्लंडचंही नाव येतं. या देशाशी आपलं नातंही आहे. लिओ वराडकर २०१७ मध्ये तिथले पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.

तिथली ओढ खरी आहे. भाषा इंग्रजी, वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. पदव्युत्तर शिक्षणानंतर नोकरीसाठी दोन वर्षांपर्यंत राहता येतं. पर्यटकांना अटलांटिकच्या काठावरचे, दोनशे मीटरहून उंच मोहरचे कडे खिळवून ठेवतात. मात्र शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही; वेगळा काढावा लागतो.

आता दुसरी बाजू. डब्लिनमध्ये घरांची तीव्र टंचाई आहे आणि भाडं पगाराचा मोठा हिस्सा खातं. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि थांबतो. तिथला वर्षभर रिमझिमत राहतो. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा, दुपारी चारच्या सुमारास अंधार. अशा दिवसांत नवख्याला एकटेपणा जड जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीयांवरील हल्ल्यांनंतर आपल्या दूतावासाने सावधगिरीची सूचनाही दिली होती.

म्हणून पालकांनो, प्रवेश घेण्याआधी राहण्याची सोय पक्की करा. आणि मुलं तिथे गेल्यावर हिवाळ्यात त्यांना फोन जरा जास्तच करा.