धडधाकट दात का हलतो?

दवाखान्यात एखादे आजोबा येतात, पुढचा दात जिभेनं हलवून दाखवतात आणि म्हणतात, “डॉक्टर, कीड नाही, ठणका नाही, मग हा हलतो कसा?” दात खरंच धडधाकट असतो. तो ज्या हाडात रोवलेला असतो, ते हाड झिजलेलं असतं. यालाच आपण पायोरिया म्हणतो.

हाड जंतूंनी खाल्लं, असं सगळ्यांना वाटतं. हिरडीच्या कडेला साचलेल्या किटणात जंतू असतात खरे, पण हाड खातात त्या आपल्याच पेशी. जंतूंना हुसकावायला शरीर पांढऱ्या पेशी धाडतं. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येतं. हा दाह. किटण तिथंच राहिलं, तर तो वर्षानुवर्षं धुमसतो. त्यातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ अशी रसायनं सुटतात, त्यांनी रँकल नावाचं प्रथिन वाढतं आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींची फौज उभी राहते.

या पेशी काही शत्रू नव्हेत. जुनं हाड काढायचं, मागून दुसऱ्या पेशींनी नवं भरायचं, हे जन्मभर चालतं. ऑस्टिओक्लास्ट हाडाला चिकटते आणि आम्ल सोडते. आपल्या जठरात असतं तेच, हायड्रोक्लोरिक. त्यात हाडातलं कॅल्शियम विरघळतं. दाहात काढणाऱ्या पेशी वरचढ होतात, भरणाऱ्या मागे पडतात. आमवातात बोटांच्या सांध्यांशी हाड पोखरलं जातं, तेही याच वाटेनं. रँकललाच अडवणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन ठिसूळ हाडांसाठी २०१० साली आलं. पायोरियावरचा उपाय मात्र अजून जुनाच: किटण काढणं.

आणि इथंच लोक अडतात. “दात साफ केले की हलायला लागतात,” हे मी रोज ऐकतो. अहो, हाड आधीच गेलेलं असतं. किटणाच्या टेकूनं दात घट्ट वाटत होता, इतकंच. मधुमेह आटोक्यात नसेल तर झीज वाढते. मशेरी, तंबाखू, विडी यांनीही वाढते. त्यातही धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे दुखणं कळतच नाही.

गेलेलं हाड सहसा परत येत नाही, उरलेलं टिकवता येतं. तेव्हा उद्या सकाळी चूळ भरताना लाल दिसलं, तर दात हलायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात हिरड्या दाखवून घ्या.